एलोयचा गुडघा आणि सेल्सोचे हात

मी एक जुना बाक आहे. बसण्याचा नव्हे, झोपण्याचा. फुटबॉलच्या खेळाडूंना माझ्यावर पालथे झोपवून त्यांच्या पायांना मालिश करत असत. मित्रांनो, तुम्ही खेळाडूला पाहता तेव्हा तो मैदानावर धावत असतो. माझ्याकडे तो यायचा तेव्हा त्याचे धावणे थांबलेले असायचे. त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते कोणत्याही चषकावर कोरलेले तुम्हाला सापडणार नाही.

माझा जन्म वाल्देरिएगोचा. अस्तुरियास नावाच्या डोंगराळ प्रांतातले हे कोळशाच्या खाणींचे खोरे. बाल्दोमेरो नावाचा सुतार खाणीत लावायचे लाकडी टेकू तयार करायचा. त्यातलेच उरलेले चांगले लाकूड माझ्या वाट्याला आले. एका सकाळी सेल्सो लंगडत लंगडत त्याच्या कारखान्यात आला. पूर्वी खाणीत त्याच्या पायावर तुळई पडली होती. तेव्हापासून तो खाणीच्या दवाखान्यात मदतीला असे आणि तिथल्या म्हाताऱ्या परिचारिकेकडून मालिश शिकला होता. खाणीने त्याला लवकर निवृत्त केले आणि गावच्या फुटबॉल क्लबाने त्याला बोलावून घेतले.

तो सुतारासमोर ताठ उभा राहिला, हात खाली सोडले आणि मुठी आवळल्या.

"बाल्दोमेरो, उंची या मुठींपर्यंत पाहिजे. जास्त नको, कमी नको. नाहीतर माझी कंबर जाईल."

"आणि रुंदी?"

"आमचा गोलकीपर बघितलायस ना? तो मावला पाहिजे."

"मग तुला बाक कशाला, पूलच बांधून देतो."

असा हसण्यात माझा जन्म झाला. चार जाड पाय, वर घोड्याचे केस भरलेली गादी आणि तपकिरी चामडे. कपडे बदलण्याच्या खोलीत, एकुलत्या एका खिडकीखाली मला जागा मिळाली. खिडकीतून मैदानाचा डावा कोपरा दिसे, त्यामागे नदी आणि नदीपलीकडे माणसांना खाणीत उतरवणारा उंच पाळणा. खोलीत कायम रोझमेरीची पाने भिजवलेल्या स्पिरिटचा वास असे. ते स्पिरिट सेल्सो घरी स्वतः तयार करी. काही दिवसांत माझ्या चामड्यालाही तोच वास लागला.

सुरुवातीला माझ्यावर पालथे झोपले की खेळाडूंच्या माना अवघडत. मग सेल्सोने एक दिवस पटाशी घेतली आणि माझ्या डोक्याकडच्या बाजूला चेहरा मावेल एवढे भोक पाडले. तेव्हा वाटले, संपलो आपण. पण त्या भोकानेच माझे महत्त्व वाढवले. खाली तोंड करून पडलेल्या माणसाला कुणी पाहू शकत नाही. मोठमोठ्या दांडगटांच्या डोळ्यांतले पाणी त्या भोकातून टपटप जमिनीवर पडलेले मी पाहिले आहे. सेल्सोलाही ते दिसे. तो फरशीवर आपला बूट फिरवून टाकी.

एलोय तुन्योन माझ्यावर पहिल्यांदा झोपला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अंगाने बारीक, कान मोठे आणि पाय असे फेंगडे की गुडघ्यांमधून एखादी मांजर आरामात निघून गेली असती. त्याची आई एतेल्विना पुलाजवळ सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, विकायची. गावातली अर्धी भांडणे तिच्या दुकानात सुरू होत आणि तिच्याच आवाजाने बंद होत.

"हे पाय कुणी बनवले रे?" सेल्सोने विचारले. "घाईत होते का?"

"ते तुम्ही आईला विचारा."

"तिला विचारायची माझी हिंमत नाही. आणि मला अहो-जाहो करू नकोस. माझे सगळे दात शाबूत आहेत अजून."

तेव्हापासून ते एकमेकांना अरे-तुरे करू लागले. सेल्सोला मूलबाळ नव्हते. एलोयचे वडील खाणीत श्वास कोंडून आधीच गेले होते. या गोष्टीचा त्या दोघांपैकी कुणीही कधी उल्लेख केला नाही.

मित्रांनो, त्या फेंगड्या पायांत काय होते ते मला खिडकीतून दिसे. डाव्या कोपऱ्यातून एलोय चेंडू घेऊन निघाला की समोरचा बचावपटू आधी उजवीकडे झुके, मग डावीकडे आणि शेवटी चिखलात बसे. लोक त्याला 'सरडा' म्हणू लागले. सामना संपला की तो माझ्यावर येऊन पडे. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असत, पण तोंड थांबत नसे.

"सेल्सो, त्याला बघितलंस? तिसऱ्यांदा बसला ना, तेव्हा उठलाच नाही. मला म्हणतो, तू परत येणार असशील तर मी इथेच थांबतो."

"बडबड कमी कर. पाय सैल सोड."

सेल्सो असे म्हणे खरा, पण त्याचे ओठ हसू दाबत असत. मला खालून दिसायचे.

वीस वर्षांचा झाला तेव्हा दक्षिणेतल्या, समुद्राकाठच्या एका मोठ्या क्लबाने त्याला बोलावले. पहिली श्रेणी! आमच्या खोऱ्यातून तिथवर कुणी गेले नव्हते. जायच्या दिवशी तो बॅग घेऊनच आला. एतेल्विनाने फाबादा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची घट्ट उसळ, भरून दिलेले पातेले फडक्यात बांधून त्याच्या काखेत होते. ते त्याने खिडकीत ठेवले आणि तो माझ्यावर झोपला.

"कुठं दुखतंय?" सेल्सोने विचारले.

"कुठंच नाही."

"मग?"

"असंच."

सेल्सोने बाह्या सरसावल्या. एवढी सावकाश, एवढी निगुतीने मालिश त्याने कधी केली नव्हती. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. दोघांनाही तो ऐकू येत नसावा.

त्यानंतर रविवारी सेल्सो माझ्यावर एक छोटा रेडिओ ठेवू लागला. एलोयच्या पहिल्या सामन्यात समालोचकाने त्याचे आडनाव चुकीचे उच्चारले तेव्हा सेल्सो रेडिओवर एवढा ओरडला की गवत कापणारा माणूस धावत आला. एलोयने दिलेल्या चेंडूवर पहिला गोल झाला त्या दिवशी सेल्सोने माझ्या चामड्यावर दोन्ही हातांनी ढोल वाजवला. मी पुष्कळ मार खाल्ला आहे, पण तसा गोड मार पुन्हा वाट्याला आला नाही.

पुढच्या मोसमात एका दुपारी रेडिओवरचा आवाज एकाएकी हळू झाला. "तुन्योन पडला आहे," समालोचक म्हणाला. आता आडनाव बरोबर उच्चारले होते. "त्याच्याजवळ कुणीही आलेले नव्हते. तो उठत नाही."

सेल्सोने रेडिओ बंद केला नाही. सामना संपला, जाहिराती लागल्या, गाणी लागली, तरी तो माझ्या कडेला हात टेकून उभाच होता.

एलोय परत आला तो कुबड्यांवर. त्याचा करार संपत आला होता आणि मोठ्या क्लबाला थांबायला वेळ नव्हता. तो खोलीत आला, कुबड्या भिंतीला लावल्या आणि माझ्यावर उताणा झोपला. उजवा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता.

"तिथले सगळे नुसते फोटो काढतात गुडघ्याचे," तो म्हणाला. "तू बरा कर. तुझ्या हाताला गुण आहे."

सेल्सोने गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. बराच वेळ ठेवले. मग काढून घेतले.

"हे माझ्या हातांचं काम नाही, पोरा."

"म्हणजे?"

"म्हणजे आत काहीतरी तुटलंय. मी बाहेरून चोळून तुटलेलं जुळत नाही. ओव्हिएदोला चल. तिथे मोठं इस्पितळ आहे."

"तूही हाकलून देतोयस मला?"

"हाकलत नाही, गाढवा. मीच घेऊन जातोय. उठ."

ओव्हिएदोच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि ती चांगली झाली. पाय वाकायला लागला, मग तो भार पेलायला लागला. त्या पुढच्या महिन्यांत एलोय रोज माझ्यावर असे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सेल्सो त्याच्याकडून अक्षरशः ओरबाडून घेई. एलोय शिव्या देई आणि सेल्सो त्याहून सरस शिव्या देई. एतेल्विना एकदा डबा घेऊन आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "माझ्या दुकानात असं बोललात तर दोघांनाही बाहेर काढीन."

पुन्हा मैदानात उतरला तो आमच्याच क्लबाकडून, तिसऱ्या श्रेणीत. सगळे खोरे जमले होते. मी खिडकीतून पाहिले. एलोयने चेंडू घेतला, नेहमीसारखा खांदा झुकवला आणि निघाला. बचावपटू फसला खरा, पण वळून पुन्हा आला आणि त्याने एलोयला गाठले. दुसऱ्यांदाही गाठले. मग प्रेक्षक एकदम शांत झाले. शांत झाले म्हणजे त्यांना कळले.

त्या संध्याकाळी भोकाखालची फरशी ओली झाली.

"ते मला पकडतात, सेल्सो," एलोयचा आवाज खालून, जमिनीकडून आल्यासारखा येत होता. "सगळे पकडतात आता. जाडे, म्हातारे, सगळे."

सेल्सो पोटरी चोळत राहिला.

"मग त्यांच्या आधी निघ."

"कसं निघू? पाय नाहीत मला."

"डोळे आहेत ना? आजवर तुला बघायची गरजच पडली नाही. चेंडू आला की पळत सुटायचास. आता चेंडू यायच्या आधी बघ. तो कुठं जाणार, समोरचा कुठं जाणार. तिथं आधी जाऊन उभा राहा. उभं राहायला काय वेग लागतो?"

"असा कुणी खेळतो का?"

"मला काय ठाऊक. मी काय फुटबॉलपटू आहे? मी खाणीतला माणूस. खाणीत पळायला जागाच नसते, म्हणून बघायला शिकलो."

हळूहळू एलोय मैदानात मागे सरकत गेला. आघाडीतून मधल्या फळीत, मग डाव्या बचावात. सरडा म्हणणारे लोक ते नाव विसरले. आता प्रतिस्पर्धी चेंडू पुढे टाकत आणि तो जिथे पडे तिथे एलोय आधीच उभा असे, जणू बसची वाट पाहतोय. पुढे त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी आली. लग्न झाले, मुलगी झाली. मोठ्या क्लबात तो उणेपुरे दोन मोसम होता आणि आमच्याकडे किती राहिला ते मी मोजले नाही. माझे चामडे दोनदा बदलले गेले एवढे आठवते. वर्तमानपत्रांत त्याच्याविषयी ओळभरही येत नसे. पण मित्रांनो, मला विचाराल तर त्याचे खरे खेळणे तेच होते.

मग एक दिवस सेल्सोचा हात थरथरला.

ते सर्वांत आधी मला कळले आणि माझ्यानंतर एलोयला. उजव्या हाताचा अंगठा त्याच्या पोटरीवर थांबला होता, तरीही हलत होता. एलोयचे अंग क्षणभर ताठ झाले. मग त्याने मुद्दाम जांभई दिली आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

थोड्या दिवसांनी सेल्सो पाणी आणायला बाहेर गेला असताना एलोयने खोलीचे दार लोटून घेतले.

"ऐका सगळे. सेल्सोच्या हाताबद्दल कुणी काही बोलायचं नाही. मालिश झाली की 'छान वाटलं' म्हणायचं. दुखलं तरी."

"मला तर आवडतं बुवा," गोलकीपर निकानोर म्हणाला. "शहरात याच्यासाठी यंत्र विकत घ्यावं लागतं."

सगळे हसले. एलोयही हसला, पण बोट उगारून म्हणाला, "हे त्याच्यासमोर बोललास तर सगळ्या पेनल्टी तुझ्या तोंडावर मारीन."

असे एक मोसम चालले. सामन्याआधी एकेक जण माझ्यावर येई, थरथरत्या हातांखाली पडून राही आणि "छान वाटलं, सेल्सो" म्हणून उठे. कोपऱ्यात जाऊन ते स्वतःचे पाय स्वतःच चोळून घेत. मला ते दिसे. सेल्सोला दिसत नसेल असे मला तेव्हा वाटे.

मग एका सामन्यात त्याने बांधलेली पट्टी सुटली आणि एका तरुण खेळाडूचा घोटा मुरगळला. फार मोठे काही नव्हते. तरी अध्यक्ष मोदेस्तो यांनी शहरातून शिकून आलेली एक मुलगी आणली. तिचे नाव हिमेना. तिच्याबरोबर पायाने कळ दाबताच वर-खाली होणारे लोखंडी टेबल आले. ते माझ्या समोरच्या भिंतीला लावले गेले. खेळाडूंनी एकजूट केली. तिच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. ती दिवसभर बाटल्या मांडत बसे.

तिसऱ्या दिवशी सेल्सोच खेकसला.

"ए नंदीबैलांनो! त्या पोरीनं काय वाईट केलंय तुमचं? जा एकेक करून तिच्याकडे."

"आम्हाला तुझीच सवय आहे," निकानोर म्हणाला.

"सवय? मला वाटतं तुम्हाला कळतं तेवढं मलाही कळतं. कोपऱ्यात जाऊन आपापले पाय चोळता ते मला दिसत नाही असं वाटलं होय? पायाने लंगडा आहे मी, डोळ्यांनी आंधळा नाही."

एलोयने मान खाली घातली. मग निकानोर उठला आणि जाऊन हिमेनाच्या टेबलावर झोपला. टेबल करकरले. हिमेनाने बाह्या सरसावल्या तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, हे फक्त माझ्या बाजूने दिसले.

सेल्सो तरीही क्लबात येत राहिला. पट्ट्या गुंडाळी, बाटल्या भरी आणि सामन्याआधी एलोयला मात्र माझ्यावर बोलावी. तेवढे अध्यक्षांनीही चालवून घेतले.

त्याच वर्षी आमचा संघ दुसऱ्या श्रेणीच्या उंबऱ्यापर्यंत पोचला. मित्रांनो, तोवर खाण बंद पडली होती. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांची दारे एकामागून एक लागत होती. लोकांकडे आनंद करायला एवढी एकच गोष्ट उरली होती. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. घराघराच्या सज्ज्यांत निळे-पांढरे झेंडे लागले. एतेल्विना आता थकली होती, पण तिनेही दुकानाची पाटी निळ्या रंगात रंगवून घेतली.

सामन्याच्या आदल्या दिवशीच्या सरावात एलोयचा जुना गुडघा पुन्हा सुजला. त्याने कुणाला सांगितले नाही. सामन्याच्या सकाळी तो बाकी खेळाडूंच्या आधी आला आणि माझ्यावर उताणा झोपला.

"बघ जरा," तो सेल्सोला म्हणाला. "शेवटचाच सामना आहे. त्यानंतर मी बूट ठेवून देणार आहे. तू हो म्हणालास तर खेळतो."

सेल्सोने हात ठेवले. हात थरथरत होते. त्याने ते उचलले, एकमेकांवर घासले, पुन्हा ठेवले. त्याच्या कपाळावर घाम आला.

"मला कळत नाही, पोरा," तो शेवटी म्हणाला. "पूर्वी बोटांना आतलं कळायचं. आता माझीच बोटं एवढी हलतात की तुझा गुडघा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही." मग त्याने मान वळवली. "हिमेना, इकडे ये. तू बघ."

हिमेना आली. तिने गुडघा दाबला, वाकवला, एका बाजूला किंचित ढकलला. एलोयने दात आवळले.

"खेळू शकाल," ती म्हणाली. "सुई दिली तर पूर्ण सामनाही खेळाल. पण हा पुन्हा तुटला तर पुढे नीट चालता येईल याची मी खात्री देत नाही. तुमच्या जागी माझा भाऊ असता तर मी त्याला बूट घालू दिले नसते."

प्रशिक्षक दारात उभे होते. "पोरी, आज काय दिवस आहे ठाऊक आहे का तुला?" ते म्हणाले.

"दिवस माहीत आहे मला. तुम्ही गुडघ्याबद्दल विचारलंत, म्हणून गुडघ्याबद्दल सांगितलं."

एलोयने सेल्सोकडे पाहिले. बाहेर आत्तापासून ढोल वाजत होते.

"तिचं ऐक," सेल्सो म्हणाला.

"सेल्सो, अख्खं खोरं आलंय."

"येऊ दे. संध्याकाळी ते आपापल्या पायांनी घरी जातील. तूही तसंच जावंस एवढंच मला वाटतं. तुझी पोरगी आता सायकल शिकतेय ना? तिच्या मागे धावायला कोण जाणार, अध्यक्ष?"

एलोय उठून बसला. त्याने बॅगेतून कर्णधाराची पट्टी काढली, निकानोरला हाक मारली आणि ती त्याच्या दंडावर स्वतःच्या हातांनी चढवली.

सामना आम्ही हरलो. एकच गोल झाला आणि तो डाव्या बाजूने झाला. चेंडू जिथे पडला तिथे कुणीही उभे नव्हते. मी खिडकीतून पाहिले आणि मला लाकडालाही चटका बसल्यासारखे वाटले.

खेळाडू आले, कपडे बदलले आणि निघून गेले. खिडकीबाहेरून कुणीतरी ओरडले, "काय रे एलोय, झाला का आराम गुडघ्याला?" दुसरा हसला. एलोयने खिडकी लावून घेतली. तो वळला तेव्हा सेल्सो माझ्या कडेवर बसलेला होता. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच बसला होता.

"मी हो म्हणायला पाहिजे होतं," सेल्सो म्हणाला. "तू असतास तर तो चेंडू तुझ्या पायात आला असता. लोक तुला आता कायम हेच ऐकवतील. माझ्यामुळे."

दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते. तरी खांदे हलत होते.

"झोप," एलोय म्हणाला.

"काय?"

"आडवा हो म्हणतोय."

"अरे, मी कशाला? मी काय खेळलो?"

"तू बडबड कमी कर. आणि हात सैल सोड."

म्हाताऱ्याने आधी बूट काढले, मग अवघडून माझ्यावर पाठ टेकली. किती हलका झाला होता तो! एलोयने स्पिरिटची बाटली उघडली, तळव्यावर ओतले आणि सेल्सोचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मनगटापासून सुरुवात केली. मग तळवा, मग एकेक बोट. त्याला हे काम येत नव्हते. पण इतकी वर्षे तो त्या हातांखाली झोपला होता, त्यामुळे कुठे थांबायचे आणि कुठे जोर द्यायचा ते त्याच्या अंगाला पाठ होते.

"चुकतोयस," सेल्सो डोळे मिटूनच म्हणाला. "आतून बाहेर."

"गप्प पड."

त्या दिवशी एलोय तुन्योनची कारकीर्द संपली. ना टाळ्या, ना हार, ना निरोपाचे भाषण. पण हा निरोप पाहायला मी तिथे होतो याचा मला अभिमान आहे.

त्यानंतर सेल्सो आला नाही. मलाही प्रेक्षकांच्या सज्ज्याखालच्या अडगळीत टाकले. चुन्याची पोती, फाटक्या जाळ्या, वाकलेले झेंड्यांचे दांडे आणि मी. ओल माझ्या पायांतून वर चढली. उंदरांनी गादीतले केस ओढून आपले बिछाने केले. वरून लोकांच्या पावलांचे आवाज येत. कधी आनंदाने नाचत, कधी आपटत. मला वाटे, कुणीतरी येईल, निदान काहीतरी ठेवायला तरी. वर्षे गेली आणि रोझमेरीचा वासही गेला.

शेवटी सज्जा पाडायचा ठरला. अडगळ बाहेर फेकली गेली. सान हुआनचा सण जवळ आला होता आणि गावची पोरे होळीसाठी लाकडे गोळा करत हिंडत होती. त्यांनी मला पाहिले आणि आरोळी ठोकली. ओढत, आपटत नदीकाठी आणले आणि जुन्या खुर्च्या-कपाटांच्या ढिगावर चढवले. मी वर पडलो होतो. पाय आकाशाकडे. मनात म्हटले, एवढे तरी बरे की सगळे गाव दिसेल.

संध्याकाळी एलोय त्या वाटेने चालला होता. केस पांढरे झाले होते, पण चाल सरळ होती. तो आता मुलामुलींना खेळ शिकवायचा. त्याने सहज वर पाहिले आणि जागीच उभा राहिला. मग बुटांसकट ढिगावर चढला आणि माझ्या भोकात हात घालून त्याने कडा चाचपल्या.

"ओ काका, ते आमचं आहे!" खालून पोरे ओरडली.

"हे लाकूड जळणार नाही. ओलं आहे."

"जळेल! आम्ही रॉकेल टाकणार आहोत."

"त्याच्या बदल्यात काय पाहिजे?"

पोरांनी डोकी एकत्र केली. "तुमच्या अंगणातलं ते मोठं कपाट."

"अरे, त्यात कोंबड्या राहतात!"

"मग कोंबड्या काढा की."

कोंबड्यांना नवे घर शोधावे लागले, मित्रांनो, आणि माझा जीव वाचला. एलोयने मला तासले, नवे चामडे चढवले आणि गाडीच्या टपावर बांधून थेट सेल्सोच्या घरी नेले. सेल्सोची बायको देल्फिना दारातच आडवी आली.

"हे कुठं ठेवू? स्वयंपाकघरात? आणि जेवायचं कशावर?"

"यावरच जेवा. मजबूत आहे."

"निकानोर झोपलाय त्याच्यावर! त्यावर मी भाकरी ठेवू?"

पण तिने वाट सोडली. चुलीजवळच्या उबेत मला जागा मिळाली. सेल्सोला आता स्वतः उठता येत नव्हते. हातापायांचे सांधे आखडले होते, बोलणेही पुटपुटल्यासारखे झाले होते. त्याने मला पाहिले, हात पुढे करायचा प्रयत्न केला आणि देल्फिनाने तो हात धरून माझ्यावर ठेवला.

तेव्हापासून एलोय रोज सकाळी येतो. काय करायचे ते हिमेनाने त्याला नीट शिकवले आहे आणि रविवारी ती स्वतः येऊन तपासते. तो म्हाताऱ्याला उचलून माझ्यावर निजवतो, एकेक सांधा मोकळा करतो, एकेक बोट सरळ करतो. गावातले काही लोक अजून त्या हरलेल्या सामन्याचा विषय काढतात. एलोय हसून सोडून देतो.

आजचीच गोष्ट सांगतो. मालिश चालू असताना सेल्सोला झोप लागली. झोपेत त्याचे हात थरथरत नाहीत. एलोयच्या तळव्यात तो हात शांत पडून होता, रुंद आणि पूर्वीसारखाच भारदस्त. देल्फिना कॉफी घेऊन आली तेव्हा एलोयने ओठांवर बोट ठेवले. मैदानावर मुले त्याची वाट पाहत असतील. पण तो हललाच नाही. खुर्ची ओढून घेतली नाही की हात सोडवून घेतला नाही, फेंगड्या पायांवर तसाच उभा राहिला.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. कुणी जपले तर टिकतो, टाकले तर कुजतो. माझ्यासाठी मला काही मागायचे नाही, माझी सोय झाली आहे. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी खेळाल, कुणी नावही कमवाल. तुमचे पाय धावत असतील तेव्हा ते कुणी कुणी चोळून दिले याची एकदा आठवण करा. आणि ते हात कधी थरथरायला लागले तर लाजून दुसरीकडे पाहू नका. जवळ जा आणि ते आपल्या हातात घ्या.